ससून डॉकचा माल परदेशी पाठवताना: बोटीवरच्या बर्फापासून न्हावा शेवाच्या कंटेनरपर्यंत

२०२४-२५ या वर्षात भारतातून १६.९८ लाख टन मासळी आणि मासळीचे पदार्थ निर्यात झाले. त्यांची किंमत ६२,४०८ कोटी रुपये. यातला सर्वांत मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आहे. ही कोळंबी मुख्यतः तळ्यांत वाढवलेली वन्नामेई जातीची, तिच्या संवर्धनाला २००९ साली परवानगी मिळाली, आणि तिचं सर्वांत मोठं केंद्र आंध्र प्रदेश. मुंबईचं गणित निराळं आहे. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरून कंपनीला, म्हणजे मासळी गोठवणाऱ्या कारखान्याला, जाणारा माल समुद्रातला असतो: माकूळ (स्क्विड), कटलफिश, वाकटी, राणी मासा, समुद्रातली कोळंबी, थोडीफार सुरमई-पापलेट. तळ्यातल्या कोळंबीसाठी लिहिलेलं मार्गदर्शन वर्सोवा, मढ, उत्तन किंवा करंजाच्या नाखव्याला फारसं उपयोगी पडत नाही. तलाव उपसायचा दिवस ठरवता येतो, ट्रॉलरच्या जाळ्यात काय आणि कधी येईल ते ठरवता येत नाही.

हे लिखाण बोटमालकांसाठी, मच्छीमार सोसायट्यांसाठी आणि या धंद्यात उतरू पाहणाऱ्या कोळीवाड्यातल्या मुला-मुलींसाठी आहे. एक गोष्ट आधीच पक्की धरून चला: निर्यातीचा भाव बोटीच्या खणात, म्हणजे मासळी ठेवायच्या कप्प्यात, ठरतो. कंपनीतला फ्रीझर माल जसा येतो तसाच थांबवून ठेवतो. दुसऱ्या दर्जाचं माकूळ उणे ४० अंशांत घातलं तरी दुसऱ्या दर्जाचंच बाहेर येतं.

बर्फाचा हिशोब

बर्फ किती लागतो हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता खेचून घेतो. मासळीची विशिष्ट उष्णता साधारण ०.८ धरतात. समुद्राचं पाणी २८ अंश असेल आणि १०० किलो मासळी शून्यावर आणायची असेल, तर १०० × २८ × ०.८ म्हणजे २,२४० किलोकॅलरी काढाव्या लागतात. त्याला ८० ने भागलं की २८ किलो बर्फ येतो. एवढा बर्फ फक्त मासळी थंड व्हायलाच संपतो. त्यानंतर खणाच्या भिंतींतून, झाकणातून आणि इंजिनच्या बाजूने आत शिरणारी उष्णता रोज बर्फ खात राहते. म्हणून आपल्या हवेत लांबच्या फेरीसाठी एक किलो मासळीला एक किलो बर्फ हे प्रमाण सांगितलं जातं, आणि ते जास्त नाही. डिझेलचा खर्च वाढला की बर्फात काटकसर करायचा मोह होतो. त्यातून वाचलेले पैसे लिलावात एकाच पाटीवर जातात.

इंजिनाकडच्या भिंतीकडे खास लक्ष द्या. त्या बाजूचा बर्फ इतर बाजूंच्या आधी संपतो, आणि तिथला माल आतून कोमट झालेला असतो, वरून कळत नाही. खणाला पफचं (फोमचं) इन्सुलेशन असेल तर आतला फायबरचा थर कुठे तडकलाय का ते पाहा. तडा गेला की पाणी पफमध्ये मुरतं आणि ओला पफ जवळजवळ निकामी होतो. वर त्या तड्यात घाण साचते, तिथले जंतू धुऊन जात नाहीत.

बर्फ बारीक फोडलेला हवा. मोठ्या ढेकळांचा मासळीला पुरेसा स्पर्श होत नाही, शिवाय टोकं रुततात आणि माकुळाची कातडी फाटते. तळाला बर्फाचा अर्धा फुटाचा थर, मग मासळी, मग बर्फ, कडेने बर्फ, वर बर्फ. मासळीचा ढीग दीड फुटाच्या वर चढवू नका, खालची दबते आणि तिचं पाणी सुटतं. वितळलेलं पाणी खणात साचू न देता उपसत राहा. ते थंड असतं पण रक्त, शाई आणि चिकट द्रवाने भरलेलं असतं. खालची पाटी त्यातच बुडून राहिली तर बर्फ असूनही माल वास मारतो.

मासळी जाळ्यातून फळीवर (बोटीच्या डेकवर) आली की वेळ मोजायला सुरुवात करा. उन्हात पडलेला ढीग निवडत बसण्याऐवजी आधी त्याच्यावर समुद्राचं पाणी आणि बर्फ एकत्र केलेला गार रगडा ओता, मग निवडा. फळीवर ताडपत्रीची सावली हवीच. बांगडा, कुपा, तारली यांच्याबाबत तर हे टाळताच येणार नाही. या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं, ऊब मिळाली की जंतू त्याचं हिस्टामाइन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामाइन गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. युरोपची मर्यादा अशी आहे: नऊ नमुन्यांची सरासरी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत, दोनहून अधिक नमुने १०० ते २०० च्या दरम्यान नकोत, आणि एकही २०० च्या वर चालत नाही. पाणी किंवा हवा २८ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून ६ तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे, असं अमेरिकेचं अन्न प्रशासन मार्गदर्शनात सांगतं. ज्या जाळ्यात मासा अडकून रात्रभर पाण्यात लटकतो, तिथे हे ६ तास जाळं ओढायच्या आधीच सुरू झालेले असतात.

आणखी एक साधी सवय, तिला खर्च जवळजवळ नाही. रोजचा माल वेगळा ठेवा. प्रत्येक दिवसाच्या क्रेटला वेगळ्या रंगाची सुतळी बांधली की पुरे. दहा दिवसांच्या फेरीत पहिल्या दिवसाचं आणि नवव्या दिवसाचं माकूळ एकत्र ओतलं, तर खरेदी करणारा सगळ्याला पहिल्या दिवसाचा भाव लावतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करेल.

माकूळ: सगळ्यात जास्त पैसे इथे सुटतात

ताज्या माकुळाच्या अंगावर तपकिरी-जांभळे ठिपके एकेक वेगळे दिसतात. डोळे स्वच्छ, मांस अर्धपारदर्शक. दिवस जातात तसे ठिपके फुटून रंग पसरतो, मांस आधी दुधी, मग गुलाबी, शेवटी पिवळट होतं. गुलाबी झाक आली की अखंड साफ केलेल्या मालाची ऑर्डर गेली, तो माल रिंग किंवा तुकड्यांत जातो. पिवळा झाला तर परत पाठवतात.

माकुळाला गोड्या पाण्याचं वावडं आहे. बर्फ थेट अंगावर वितळत राहिला तर ते पाणी पिऊन फुगतं, रंग धुऊन पांढरं पडतं आणि गोठवल्यावर वजन सोडतं. यासाठी ते समुद्राच्या पाण्यात धुवा, क्रेटमध्ये एकाच दिशेने रचा, वर पातळ प्लास्टिक अंथरा आणि त्यावर बर्फ टाका. थंडी पोचते, पाणी पोचत नाही. क्रेटला खालून भोकं हवीत. शाईची पिशवी फुटलेली नग लगेच वेगळी काढा, एका नगाची शाई पूर्ण क्रेट काळी करते.

आता कॅडमियमबद्दल. युरोपने माकूळ-कटलफिशमध्ये आतडी काढल्यावर किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली आहे, आणि भारतीय माल या कारणावरून अनेकदा अडला आहे. हे कॅडमियम मुख्यतः पोटातल्या यकृतासारख्या अवयवात साठलेलं असतं, मांसात कमी. माल उबदार राहिला, दाबला गेला किंवा आतडीसकट गोठवून पुन्हा वितळवला, की तो अवयव विरघळून फुटतो आणि त्यातलं कॅडमियम नळीच्या, म्हणजे माकुळाच्या धडाच्या, मांसात उतरतं. म्हणजे समुद्रात ठीक असलेला माल हाताळणीमुळे नापास होतो. उपाय तीन: शून्याजवळ ठेवा, आतडी अख्खी ओढून काढा, आणि काढल्याबरोबर नळी आतून गार पाण्याने धुवा. डोकं धरून हलक्या हाताने पीळ देत ओढलं की आतडी एका तुकड्यात निघतात. घाईत कात्री खुपसली की पिशवी फुटते. साफ करणाऱ्या बायकांना नगावर मजुरी दिली तर पिशव्या जास्त फुटतात, दिवसाची मजुरी आणि न फुटलेल्या कामावर वरकड अशी पद्धत ठेवली तर मालही चांगला निघतो आणि बोटंही कमी कापतात.

उतारा, म्हणजे साफ केल्यावर हाती उरणारा माल, स्वतः काढून पाहा. समजा माकूळ ३०० रुपये किलोने घेतलं आणि साफ करून ६० टक्के उतारा मिळाला, तर कच्च्या मालाचा खर्च किलोला ५०० रुपये पडला. उतारा ५७ टक्क्यांवर घसरला तर तोच खर्च ५२६ रुपये होतो. बर्फाचं पाणी प्यायलेला माल विकत घेतला की असंच होतं. म्हणून मोठी खरेदी करण्याआधी १० किलोचा नमुना निथळून, साफ करून, पुन्हा तोलायचा. दलालाला घाई असते, तरीही हे करायचंच.

वाकटी आणि कोळंबी

वाकटी, जिला आपल्याकडे बळाही म्हणतात, मुख्यतः चीनला जाते. ती ग्रॅमवर प्रतवारीत विकतात: १०० ते २००, २०० ते ३००, ३०० ते ५०० आणि त्यापुढे. साधारण १० किलोच्या ठोकळ्यात गोठवतात. भाव चकाकीला मिळतो. तिची चंदेरी पापुद्री बोटाने निघते, त्यामुळे फावड्याने ओढू नका, पाटीत लांबीच्या दिशेने रचा. पोटात चारा भरलेली वाकटी काही तासांत पोट फुटून खराब होते, अशी आधी विकून टाका, परतीच्या दिवसापर्यंत ठेवू नका.

समुद्रातल्या कोळंबीची अडचण म्हणजे डोक्यापासून काळी पडणं. कोळंबीच्या अंगातलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तो काळा रंग तयार करतं. जंतू त्याला कारण नसतात, त्यामुळे ताजी कोळंबीही काळी दिसू शकते. बर्फाने वेग मंदावतो, थांबत नाही. सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण वापरायचं असेल तर १० लिटर पाण्यात १२५ ग्रॅम, एक मिनिट बुडवून लगेच बर्फात. मुठीने भुकटी भुरभुरवू नका. काही नग भाजल्यासारखे पिवळे पडतात आणि अवशेष मर्यादेबाहेर जातो, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात कच्च्या कोळंबीच्या खाण्याजोग्या भागासाठी ही मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. बंद खणात हे द्रावण कधीही वापरू नका, त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड माणसाचा जीव घेऊ शकतो. फळीवर, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून हे काम करायचं. सल्फाइट वापरलं हे खरेदीदाराला लेखी सांगा, लेबलवर ते छापावं लागतं. अनेकांना त्याची ॲलर्जी असते.

धक्क्यावर

ससून डॉक १८७५ साली उघडला, कापसाच्या व्यापारासाठी. आजही तिथे पहाटेच्या लिलावात जागेची आणि वेळेची ओढाताण असते. तेवढ्या गर्दीतही निर्यातीचा माल जमिनीवर ओतायचा नाही. बोटीतला क्रेट तसाच तोलून, त्याच क्रेटात इन्सुलेटेड गाडीत चढवा. धक्क्याशेजारचं बंदरातलं पाणी मासळीवर मारू नका, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि साल्मोनेला नावाने परत येणाऱ्या कन्साइनमेंटची सुरुवात बरेचदा इथूनच होते. पिण्यालायक पाणी नसेल तर न धुतलेला, बर्फातला माल गाडीत गेलेला बरा. बर्फाची लादीही रस्त्यावरून ओढत आणू नका, ज्या जमिनीवर ती घासली तिची घाण मासळीवर येते.

थर्मामीटरचं टोक सर्वांत जाड नगाच्या मध्यात खुपसा आणि आकडा वहीत लिहा: बोट, वेळ, तापमान. ४ अंशांच्या वर आकडा असेल तर तो माल निर्यातीच्या गाडीत चढवू नका. कुलाब्याहून तळोजा किंवा नवी मुंबईच्या कंपन्यांकडे जाताना सकाळी आठनंतर वाहतुकीत किती वेळ जाईल सांगता येत नाही, म्हणून बर्फ धक्क्यावर लागेल एवढा नाही, कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं तरी पुरेल एवढा भरा.

कोणाला काय विकता येतं

खरेदीदार शोधण्याआधी कोणती दारं बंद आहेत ते पाहा. अमेरिका भारताची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे, पण तिथे आपली समुद्रात ट्रॉलने पकडलेली कोळंबी चालत नाही. कासव जाळ्यातून बाहेर पडेल असं साधन, म्हणजे टीईडी, बसवलेलं असल्याचं प्रमाणपत्र तिथल्या कायद्याच्या ६०९ व्या कलमाखाली लागतं आणि भारताकडे ते २०१८ पासून नाही. तिथे जाते ती तळ्यातली. ससून डॉकची कोळंबी अमेरिकेला पाठवायचं आश्वासन कोणी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा एकाच देशावर विसंबलेल्या कंपन्यांचे गोदामं भरून राहिली. मुंबईच्या मालाचे ग्राहक युरोप, चीन, आग्नेय आशिया आणि जपानमध्ये विखुरलेले आहेत, हे आपल्या बाजूचं आहे, ते टिकवा.

युरोपने ऑगस्ट १९९७ मध्ये स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीवर बंदी घातली होती. आज कंपन्यांत दिसणारी हॅसपची (अन्नातले धोके ओळखून रोखायच्या पद्धतीची) वही, टाइल्स, चप्पल बदलण्याची खोली हे सगळं प्रामुख्याने त्यानंतर आलं. युरोपला माल त्याच कारखान्यातून जातो ज्याचा नंबर त्यांच्या यादीत आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १०२ भारतीय युनिट्स त्या यादीत आली. चीनलाही १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या सीमाशुल्क प्रशासनाकडे कारखान्याची नोंदणी लागते. तुमची ज्या कंपनीशी बोलणी चालली आहेत तिचा नंबर कोणकोणत्या यादीत आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा.

कागद

नवख्याने थेट कारखाना काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक-दोन हंगाम कंपनीला चांगला माल पुरवा. मग मर्चंट एक्सपोर्टर, म्हणजे स्वतःचा कारखाना नसलेला निर्यातदार, म्हणून नोंदणी करा आणि मंजूर कारखान्यात मजुरीवर माल गोठवून घ्या. सोसायटीलाही हा रस्ता खुला आहे. त्यासाठी लागतं ते असं: परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), जीएसटी, अन्नसुरक्षा परवाना, सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण म्हणजे एमपीईडीएची नोंदणी, आणि बँकेच्या एडी कोडची (परकीय चलन व्यवहारासाठीच्या बँक क्रमांकाची) कस्टममध्ये नोंद. एमपीईडीए १९७२ च्या कायद्याने स्थापन झालं, मुख्यालय कोचीत, मुंबई परिसरात विभागीय कार्यालय आहे. कारखाना मंजूर करणं आणि कन्साइनमेंटचं आरोग्य प्रमाणपत्र देणं हे निर्यात तपासणी परिषद आणि तिच्या एजन्सीचं काम.

यातली सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे मासळी कोणत्या बोटीची, हे सिद्ध करणं. युरोपसाठी १ जानेवारी २०१० पासून कॅच सर्टिफिकेट लागतं, आपल्याकडे ते एमपीईडीए प्रमाणित करतं. त्यात बोटीचा नोंदणी क्रमांक, परवाना, मासेमारीच्या तारखा, क्षेत्र, जाळ्याचा प्रकार आणि प्रजातीनिहाय वजन येतं. १० जानेवारी २०२६ पासून युरोपातल्या आयातदाराला हे सगळं त्यांच्या कॅच नावाच्या ऑनलाइन यंत्रणेत भरावं लागतं, म्हणजे आपल्या कागदावरची खाडाखोड आता तिथे लगेच अडते. नेमकं चुकतं कुठे? बोटीची नोंद एका नावावर, विक्रीची पावती भावाच्या नावावर. परवान्याची मुदत फेरीच्या मधल्याच दिवशी संपलेली. आणि वजनाचा ताळा न लागणं: पाच बोटींच्या पावत्या मिळून ८ टन माकूळ, आणि साफ केलेला माल ७ टन. एवढा उतारा निघतच नाही, म्हणजे बाकीचा माल कुठून आला याचं उत्तर द्यावं लागतं. म्हणून पावती धक्क्यावरच फाडा, प्रजातीचं नाव आणि वजन वेगळं लिहा, 'मिक्स' हा शब्द निर्यातीच्या पावतीवर कधीच लिहू नका.

लहान मासळीचाही इथेच विचार करा. पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा जाहीर केलं, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलं: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०. पिल्लं उचलून आज भरलेला टन पुढच्या हंगामातून वजा होतो. जाळ्याची खोळ (मासळी साठते ते शेवटचं टोक) चौकोनी आसाची, म्हणजे चौकोनी भोकांची, ठेवली तर ताण आला तरी आस मिटत नाही आणि पिल्लं बाहेर पडतात. मासळीच उरली नाही तर निर्यातीचे हे सगळे कागद कशाला हवेत?

कारखान्यात काय बघायचं

मजुरीवर माल गोठवून घेत असाल तर स्वतः उभं राहून चार गोष्टी पाहा. दारातल्या पायांच्या टाकीत साधारण २०० पीपीएम (लिटरला २०० मिलिग्रॅम) क्लोरीन असतं: १०० लिटर पाण्याला ३३ टक्क्यांची ब्लिचिंग पावडर ६० ग्रॅम. पिशवी उघडून महिना झाला असेल तर पावडरची ताकद कमी होते, पट्टीने तपासा. दुसरं, प्लेट फ्रीझर उणे ३५ ते उणे ४० ला चालतोय का, आणि २ किलोच्या ठोकळ्याच्या गाभ्यात उणे १८ आल्यावरच काढतात का. ठोकळ्याला बारीक ड्रिलने भोक पाडून आत थर्मामीटर घातला की खरं कळतं, फ्रीझरच्या दारावरचा आकडा हवेचा असतो. सावकाश गोठलेल्या मालात मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात, वितळल्यावर पाणी आणि चव दोन्ही निघून जातात.

तिसरं, ग्लेझ. गोठलेल्या नगावर चढवलेला पाण्याचा पातळ थर माल सुकू देत नाही, पण मासळीच्या भावाने पाणी विकायची ती जागाही हीच. तपासायची रीत: पाकीट उघडून तोला, समजा १,००० ग्रॅम. चाळणीत ठेवून गार पाण्याचा हलका फवारा मारा, बोटाला बर्फ लागेनासा झाला की थांबवा, चाळणी तिरकी करून दोन मिनिटं निथळा, पुन्हा तोला. ८०० ग्रॅम भरलं तर ग्लेझ २० टक्के. करारात 'निव्वळ वजन ग्लेझ सोडून' असे शब्द हवेत. युरोपात लेबलवर निव्वळ वजन ग्लेझशिवायच लिहावं लागतं. चौथं, मोजणीची पद्धत. कोळंबीचा १६/२० हा आकडा पौंडाला नग सांगतो, माकुळाचा २०/४० किलोला. हे कराराच्या कागदावर लिहून घ्या, पुष्कळ भांडणं याच एका ओळीवरून होतात.

कंटेनर

चाळीस फुटी रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये साधारण २५ टन माल बसतो. रीफर माल गोठवत नाही, गोठलेला राखतो. उणे १२ ला भरलेला माल त्यात उणे १८ ला जायला आठवडे लागतात, तोवर तो मऊ होऊन खोके दबतात. त्यामुळे भरताना प्रत्येक लॉटमधून गाभ्याचं तापमान घ्या आणि उणे १८ पेक्षा उबदार खोका परत कोल्ड स्टोअरमध्ये पाठवा.

कंटेनर येताच पीटीआयचं, म्हणजे प्रवासापूर्वीच्या तपासणीचं, कागद मागा. आत शिरून दार बंद करून घ्या (बाहेर माणूस उभा ठेवून) आणि कुठून उजेड येतो का पाहा, आला तर सील खराब आहे. वास घ्या, आधीच्या फेरीत रसायन किंवा कांदा गेला असेल तर खोक्यांना तो लागतो. हवेचं भोक बंद असलं पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत कंटेनर आधी थंड करून दार उघडं ठेवू नका, आत दव धरतं, ते गोठून बाष्पकावर (कंटेनरच्या गार करणाऱ्या नळ्यांवर) बसतं आणि हवा अडते. कोल्ड स्टोअरच्या दाराला कंटेनर नीट टेकत असेल तरच आधी थंड करा. रचताना लाल रेषेच्या वर जाऊ नका, जमिनीवरच्या टी आकाराच्या पट्ट्यांवर पुठ्ठा अंथरू नका, हवा त्यांच्यामधून जाते. दाराजवळ एक आणि मध्यात एक असे दोन डेटा लॉगर ठेवा, त्यांचे क्रमांक पॅकिंग लिस्टवर लिहा.

तळोज्याहून न्हावा शेवाला जाताना ट्रेलरवर जेनसेट (कंटेनरला वीज देणारा जनरेटर) चालू आहे का आणि त्यात डिझेल किती आहे, हे गेटमधून निघतानाच लिहून घ्या. बंदराच्या रांगेत तास गेले तर तिथेच माल उबदार होतो आणि नंतर कोणी जबाबदारी घेत नाही.

पैसे

पहिल्या दोन-तीन ऑर्डरींना आगाऊ रक्कम किंवा खात्रीच्या बँकेचं एलसी (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) घ्या. 'माल बघून पैसे' हे बोलणं मासळीत धोक्याचं, कारण कंटेनर पोचल्यावर भाव पाडायला ग्राहक मोकळा असतो आणि माल परत आणायचा खर्च तुम्हाला परवडत नाही. ईसीजीसी या सरकारी निर्यात पतहमी कंपनीचा विमा ग्राहकाने पैसे बुडवल्यास उपयोगी पडतो, माल खराब निघाल्यास नाही. दोन्ही निरनिराळ्या गोष्टी आहेत, सागरी मालाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. प्रत्येक लॉटचे दोन नमुने कोल्ड स्टोअरमध्ये मागे ठेवा, तक्रार आलीच तर तुमच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

जून-जुलैमध्ये

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. खणाची दुरुस्ती, परवान्याचं नूतनीकरण, रिअलक्राफ्ट या सरकारी बोट-नोंदणी पोर्टलवरची आपली नोंद तपासणं हे याच काळात उरका, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांची गर्दी एकाच खिडकीवर होते. खण रिकामा करून डिटर्जंटने घासा, क्लोरीनच्या पाण्याने धुवा, झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळवा, मगच तड्यांवर फायबर चढवा, ओल्यावर चढवलेलं महिनाभरात सुटतं. क्रेट उन्हाने कडक होऊन कडा फुटलेले असतील तर बदला, फुटकी कड नगाला कापते.

थर्मामीटरही याच दिवसांत तपासा. ग्लासभर बारीक फोडलेला बर्फ घ्या, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळून दोन-तीन मिनिटं थांबा आणि टोक मध्यात धरा, काचेला टेकू देऊ नका. शून्यापासून अर्ध्या अंशाहून जास्त फरक दाखवला तर तो बदला, आणि तपासल्याची तारीख दांड्यावर चिकटपट्टीने लावून ठेवा, कंपनीचा तपासनीस तीच आधी बघतो.